मुसळ दोन सत्तेचाळीसला पडले

॥ श्री ॥

मिरजगाव, ता. कर्जत
बुधवार, ता. ११ ऑगस्ट १९७१, सकाळी ६ वाजून १० मिनिटे

ती. स्व. मामा यांचे सेवेशी,

आपला जावई गहिनीनाथ याचा सा. न. वि. वि.

पत्र लिहायला बसण्यापूर्वी मी रेशन दुकानाच्या तराजूची पारडी चिंच लावून घासत होतो. दुकान आठला उघडते, तोवर वेळ आहे. पत्रास कारण तसेच आहे. परवा सोमवारी आपले चिरंजीव सूर्यभान बहिणीकडून राखी बांधून घ्यायला आले. राखीपौर्णिमा शुक्रवारी होऊन गेली, हे त्यांना बहुधा सोमवारी कळले. त्यांनी चहा घेतला आणि मी दुकानात असताना बहिणीला सोबत घेऊन गेले. जाताना निरोप ठेवला तो शेजारच्या साळूबाईपाशी. घरातल्या माणसांना सांगून निघण्याची पद्धत आपल्या राहुरीकडे नसेल तर तसे कळवावे, म्हणजे पुढे आमची अपेक्षा राहणार नाही.

आता झाले काय ते लिहितो. शुक्रवारी खग्रास चंद्रग्रहण होते. वेध दुपारी दोन पंचविसाला लागत होते, म्हणून नारळीभात दोनच्या आत उरकला. आमच्या आईचे मुसळ आपण पाहिलेले नाही. गेली वीस वर्षे ती दर ग्रहणाला अंगणात परात मांडते, तीत पाणी, पाण्यात हळदकुंकू, आणि मधोमध मुसळ उभे करते. ग्रहण लागले की मुसळ आधाराशिवाय उभे राहते, सुटले की पडते. सारी गल्ली बघायला येते. या खेपेस चौतीस माणसे होती, मी मोजली. माणसे म्हणायची म्हणून म्हणतो. श्रावण असून आभाळात ढगाचा पत्ता नाही, चंद्र डोक्यावर लाल होत चाललेला, आणि चौतीसच्या चौतीस जण खाली परातीत डोळे लावून. छगन शिंपी म्हणाला की मान कशाला मोडून घ्यायची, वरची बातमी खाली परातीत येतीच हाय.

वेळ पाहण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. आपण लग्नात दिलेले घड्याळ रोज चार मिनिटे मागे पडते, म्हणून ते संध्याकाळी रेडिओवर लावून घेतले होते. मुसळ अकरा एकतीसला उभे राहिले आणि दोन सत्तेचाळीसला पडले. पंचांगात मोक्ष तीनला होता. तेरा मिनिटांचा फरक आला, ते असो.

रविवारी दुपारी साळूबाई, भामाबाई आणि आणखी चार बायका आमच्या ओट्यावर बाजरीतले खडे वेचत होत्या. आपल्या कन्येने तेच मुसळ आणि तीच परात आणली, पाणी ओतले, मुसळ उभे केले आणि हात काढून घेतला. मुसळ उभे राहिले. मग सगळ्यांदेखत ती आईला म्हणाली की आत्याबाई, वर बघा बरं, आज कुनाला गिरान लागलंय? बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आई दोन दिवस जेवली नाही.

तरी पुष्पावतीने स्वतःच्या हाताने माफीपत्र लिहून पाठवावे. गल्लीत मोठ्याने वाचायचे आहे, तेव्हा अक्षर सुवाच्य असावे. ते येईपर्यंत तिने तिकडेच राहावे.

आपल्या वडीलपणास शोभेल ते करावे आणि या लहानावरची माया पातळ होऊ देऊ नये.

आपला,
गहिनीनाथ

—

राहुरी
ता. १६ ऑगस्ट १९७१

जावईबापू गहिनीनाथराव यांस राधाकृष्णाचा रामराम वि. वि.

पत्र पावलं. मी सांगतोय आन सूर्यभान लिवतोय. तुमचं अक्षर मोत्यावानी, पन मोती शेनात पडल्यावानी वाटलं.

पत्र वाचलं आन आमच्या घरचं मुसळ काढलं. वार शनवार, ना गिरान ना पुनव. बूड सपाट, त्याला लोखंडी कडं, ऱ्हायलं की उभं. मग आमच्या मंडळींनी बिनपान्याचं, नुसतं फरशीवर उभं केलं, तरी ऱ्हायलं. एक कोंबडी धडकली तवा पडलं. तुमच्या शास्त्रानं त्या कोंबडीला गिरान लागलं आसंल. चौतीस मानसं रात्रभर मुसळाभवती बसत्यात! इथं विद्यापीठाची बियान्याची गाडी आली तरी धा गोळा हुईनात. लई शिकलेलं गाव दिसतंय तुमचं.

आता मुद्द्याचं. माझी पोर तीन वर्सं तुमच्यात नांदली, एक कागाळी माझ्या कानावर आली न्हाई. ती उगा कुनाच्या सासूचं नाक कापायची न्हाई. असं का केलंस म्हून तीनदा इचारलं. तीनदा म्हनाली की त्यांनाच इचारा. तवा इचारतो. तुमी पत्रात सगळं मिनटावर लिवलंय, मग ह्येच कसं लिवायचं ऱ्हायलं?

माफीपत्र येनार न्हाई. घड्याळ मागं पडतंय तर पाठवून द्या, इथं ज्याची पोरगी त्याचं घड्याळ. भादवा सरायच्या आत सरळ उत्तर आलं न्हाई तर चार मानसं घिऊन मी मिरजगावला येतो आन सोडचिठ्ठीचं बोलनं करून टाकू. नांदवायचं नसंल तर तसं लिवा, त्याच मोत्यावानी अक्षरात.

तुमच्या मातोश्रींस रामराम. मुसळासही सांगावा. जीव लावता येत आसंल तर लावावा, न्हाई तर सोडावा.

राधाकृष्ण

—

मिरजगाव
शनिवार, ता. २१ ऑगस्ट १९७१, दुपारी १ वाजून ४० मिनिटे

सौ. पुष्पावती हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझ्या वडिलांच्या पत्रात एकोणीस चुका होत्या. बोलणे गावाकडचे म्हणून सोडले, पण ऱ्हस्व-दीर्घाला काही धरबंध हवा. लाल पेन्सिलीने दुरुस्त करून ते सोबत परत पाठवतो. प्रत्येक शब्द पाच वेळा लिहून काढ, असे सूर्यभानला सांग. ज्याला पौर्णिमा आणि सोमवार यांतला फरक कळत नाही त्याच्याकडून यापेक्षा जास्त मागत नाही.

एक शब्द मात्र त्याने बरोबर लिहिला आहे. सोडचिठ्ठी. तो मी बऱ्याच वेळा वाचला. गुरुवारी भामाबाईची साखर दोनदा तोलली आणि तरी पिशवीत भरताना विसरलो की तोलली होती. काल पोळा झाला. आपल्याकडे पुरणाला कोणी हात लावला नाही.

आता लिहितो ते तुझ्यापुरते. वाचून पत्र जाळ. बुधवारी दुपारी दुकान बंद असताना मी भामाबाईचे मुसळ मागून आणले. उंदीर मारायचा आहे, असे सांगितले. परातीत पाणी घालून सात वेळा उभे केले. पाच वेळा उभे राहिले. सर्वांत जास्त बावीस मिनिटे. तेव्हा तू रविवारी जे केलेस त्यात खोटे काही नव्हते.

पण खरे असले म्हणून ते चारचौघांत मांडायचे नसते. हे चारचौघे कोण, ते तरी बघ. छगन शिंपी, ज्याला सदऱ्याच्या दोन बाह्या एका मापाच्या जमत नाहीत. साळूबाई, जी रॉकेलच्या रांगेत स्वतःची चप्पल ठेवून घरी झोपायला जाते. यांना खरे सांगितल्याने यांचे काय भले होणार आहे? आणि आईचे बघ. सव्विसाव्या वर्षी कपाळ पांढरे झाले. एरवी तिला कोणी हळदीकुंकवाला बोलवत नाही. ग्रहणाला मात्र सवाष्णीसुद्धा तिच्या अंगणात येऊन बसतात आणि बाई, आता किती राहिलं, असे तिलाच विचारतात. तेवढेच तिचे आहे.

म्हणून असे कर. गौरी यायच्या आत ये आणि बायकांना सांग की रविवारी मी मुसळाच्या बुडाला कणीक लावली होती. एवढे एकच वाक्य. यात कोणाचे काही बिघडत नाही.

प्रकृतीस जपावे. माझ्याविषयी मनात जे असेल त्यात भर पडावी, घट नको.

तुझा,
गहिनीनाथ

—

राहुरी
ता. २७ ऑगस्ट १९७१

ती. स्व. मिरजगावकर यांचे सेवेशी,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं. जाळलं नाही. बाबांना दाखवलंही नाही. पेटीत ठेवलंय.

कणीक लावली होती असं सांग म्हणता. तुमच्या दुकानातल्या गव्हाची कणीक परातीला धरत नाही, ती मुसळाला कुठली धरायची? खोटं सांगायचं तर निदान चांगल्या गव्हाचं सांगा.

बाबांना तुम्ही लिहिलंत की तेरा मिनिटांचा फरक आला, ते असो. त्या तुमच्या ‘ते असो’मध्ये मी बसलेय. मुसळ आधी पडलं तेव्हा आत्याबाई काय म्हणाल्या ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून मी लिहिते. त्या म्हणाल्या की सून अंगणात फिरली, पांढऱ्या पायाची. मी तेव्हा तुळशीपाशी उभी होते, परातीपासून वीस हात लांब. चंद्र बघत होते. चुलीवरून उतरवलेला तवा विझत जातो तसा तो आधी लाल होता, मग एका बाजूनं उजळत गेला. एवढ्या माणसांत वर बघणारी मी एकटीच, म्हणून माझाच पाय सापडला.

शनिवारी सकाळी मी पाणी घेऊन आले तर साळूबाईनं नातवंडाला उचलून आत नेलं. आडावर भामाबाई म्हणाली की पोरी, आमचं भरू दे, मग तू भर. घागर घेऊन मी शेवटपर्यंत उभी राहिले. तुम्ही दुकानाला जाताना बघितलंत आणि घड्याळात बघितलंत.

त्याच सकाळी मी तुमचा पायजमा धुतला. डाव्या पायाला खालून चार बोटं कुंकवाचा लाल डाग होता. कुंकवाचं पाणी त्या रात्री एकाच ठिकाणी होतं. दोनदा साबण लावला, तरी पुसट राहिलाच. तुम्ही सांगाल म्हणून शनिवार काढला. रविवारची सकाळ काढली. मग मुसळ काढलं. आत्याबाईंना खाली बघायला लावायचं नव्हतं मला. मुसळ कुठल्याही दिवशी उभं राहतं तर कुठल्याही दिवशी पडतंही, त्याला कोणाचा पायगुण लागत नाही, एवढंच दाखवायचं होतं. बोलण्यात तिखट गेलं, ते माझं चुकलं. तेवढ्याची माफी मी आत्याबाईंपाशी मागेन, गल्लीपाशी नाही.

तुम्ही एक करा. तेच अंगण, तीच माणसं, आत्याबाई समोर बसलेल्या. त्यांच्यापुढं सांगा परातीला पाय कोणाचा लागला ते. कागदावर लिहून वाचू नका. तुमचं अक्षर मी पुष्कळ बघितलं, आता तोंड बघायचंय. ते झालं नाही तर बाबा चार माणसं घेऊन येतील, आणि मी त्यांना अडवणार नाही.

हरताळकेचा उपास केला. कोणासाठी, ते मी देवीलाही सांगितलं नाही.

असलेला लोभ जपून ठेवलाय, तो कुठं ठेवायचा ते तुम्ही ठरवा.

पुष्पावती

—

मिरजगाव
गुरुवार, ता. २ सप्टेंबर १९७१, पहाटे ५ वाजून ३५ मिनिटे

सौ. पुष्पावती हिस,

अनेक आशीर्वाद. रविवारी दुपारी साडेतीनला सांगितले. सत्तावीस जण आले. बाकीचे सात रानात होते, त्यांना मी संध्याकाळी घरोघर जाऊन सांगितले. कागद खिशात होता, काढला नाही. म्हणालो की डाव्या हातात बॅटरी होती, घड्याळ बघायला वाकलो आणि डावा पाय परातीच्या काठाला लागला. मुसळ त्याने पडले. पुष्पावती तुळशीपाशी होती.

आधी कोणी विश्वास ठेवला नाही. छगन म्हणाला की बायकोवाचून पोरगं येडं झालंय, उद्या म्हनंल चंद्र मीच गिळला हुता. लोक हसले. मी पायजमा आणून डाग दाखवला. तेव्हा साळूबाई म्हणाली की हा डाग पानाचा बी आसंल. मी पान खात नाही, हे तिला माहीत आहे.

मग आई बोलली. त्या रात्री परात वाजलेली तिने ऐकली होती, असे ती म्हणाली. पण तिला वाटले की आपल्या पोराचा पाय लागला असता तर पोरगं बोललं असतं. एवढेच म्हणाली आणि उठून आत गेली. मग कोणी हसले नाही.

गल्लीला मात्र कोणाचा तरी पाय हवाच असतो. तुझा गेला, आता माझा आहे. सोमवारी भामाबाईने दुकानाच्या मालकांना सांगितले की तोलायला तुमी बसा, ह्याला जरा लांब उभं करा. मालक बसले. मंगळवारी छगन मला बघून सायकल वळवून परत गेला. गणपतीच्या आरतीला मला सगळ्यांच्या मागे उभे राहायला सांगितले आहे, आणि ते सांगणारा माणूस स्वतः आरतीचे दुसरे कडवे कधी बरोबर म्हणत नाही. ज्यांना मी सहा वर्षे धान्य तोलून दिले, एका छटाकाची तक्रार आली नाही, ती ही माणसे. त्यांच्याविषयी मला जे वाटते ते लिहिण्यासारखे नाही. तू दोन दिवस आडावर उभी राहिलीस. मला चौथ्याच दिवशी दुकानात जाऊ नये असे वाटते.

आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, तोंड दारातल्या म्हशीकडे ठेवते. मुसळ तिने स्वतः आत नेऊन ठेवले. काल तुझे निळे लुगडे उन्हात घालून घडी करून ठेवले. का, ते मी विचारले नाही.

मामांना निराळे पत्र लिहीत नाही. हेच त्यांना दाखव. वाटले तर पेटीतलेही दाखव. मी न्यायला येऊ का, हे कळव. तू बोलावल्याशिवाय येणार नाही.

माझ्याकडून मागण्यासारखे आता काही उरलेले नाही. तू देशील ते.

गहिनीनाथ

—

राहुरी
ता. ६ सप्टेंबर १९७१

ती. स्व. मिरजगावकर यांस,

सा. न. वि. वि. कार्डावर जागा कमी आहे. शुक्रवारी दुपारच्या एस. टी.नं येते. सोबत सूर्यभान आहे, त्याच्यापुढं शुद्धलेखन काढू नका. पितरपाट चालू आहे, सून आणायला वाईट दिवस, असं गल्ली म्हणेल. म्हणू द्या.

तुम्ही स्टँडवर न्यायला येऊ नका. वाटेत गाडी पंक्चर झाली तर लोक तुमचा पाय म्हणतील, आणि पहिल्याच दिवशी मला कोणाशी भांडायचं नाही. शनिवारी सकाळी दोघं मिळून आडावर जाऊ, आणि आधी आपण भरू.

आत्याबाईंना नमस्कार. लोभ आहे, तो यापुढं वेळच्या वेळी तोंडानं सांगत जावा.

पुष्पावती