नदीकाठचं की टेकडीवरचं

२२ सप्टेंबर २००७, शनिवार

तन्वीची कॉलेजं बघून आलो. पाय कामातनं गेले, पण जीव खूश आहे. पहाटेच घरून, कॉव्हेंट्रीहून निघालो. सुधीरनं गाडी चालवली, वंदनानं माझ्या पाठीला उशी दिली. आधी दोघं नवराबायको नको नको करत होते, आई तुम्ही कशाला दमता. म्हटलं, नात जन्मल्यापासून माझ्या खोलीत झोपली, ती पुढं कुठं झोपणार ते मी नको बघायला?

मला आधी कळेचना, एका युनिव्हर्सिटीत एवढी कॉलेजं कशाला. शिकवणं कुठल्यात चांगलं, विचारलं. सुधीर म्हणाला, "आई, शिकवणं सगळ्यांना एकच. कॉलेज म्हणजे राहायचं, जेवायचं. कुठलं पाहिजे ते फॉर्मवर आपण लिहायचं." अरे, म्हणजे बोर्डिंग! मग ते निवडायला शिकलेलं माणूस कशाला हवं? ते मला तुमच्यापेक्षा कळतं.

एक टेकडीवरचं, जुनं, दगडी. जेवायचा हॉल केवढा! काळे झगे घालून, मेणबत्त्या लावून जेवतात म्हणे. करणार आचारी. भाजीचं काय, म्हटलं, तर दाखवणारी मुलगी हसून म्हणाली, पास्ता. रोज? तन्वी वर छताकडं बघत उभी राहिली, हलेचना. मी बाथरूम शोधत होते.

दुसरं नदीकाठी. साध्या विटांचं, पण आठ मुलींत एक किचन! मी कपाटं उघडली, नळ सोडला, शेगड्या चालू करून हात धरून बघितला. एक मेली तापत नव्हती, बाकीच्या छान. पाहुण्यांना खोली पण आहे, आई-आजी आली तर. झालं, ठरलं.

गाडीत म्हटलं, तनू, नदीकाठचं. ती खिडकीतनं बाहेर बघत म्हणाली, "हो आजी."

१४ ऑक्टोबर, रविवार

नवरात्र बसलंय. मुहूर्त चांगला म्हणून फॉर्म आजच पाठवायला लावला. सगळं कॉम्प्युटरवरच असतं हल्ली. मी कुंकू घेऊन गेले तर वंदना ओरडली, "आई, बटणांवर नको!" मग पडद्याच्या कडेला टेकवलं. तन्वी म्हणाली, "आजी, तू दाब." माझं बोट धरलंन्. मी चौथी शिकलेली, ती पण मराठी. पडद्यावर सगळं इंग्रजी, बारीक मुंग्यांसारखं. विचारलं, नदीकाठचं लिहिलंस ना? "हो गं, दाब ना."

दाबलं. साबुदाण्याची खीर केली. ह्यांचा फोटो पुसला. हे असते तर फॅक्टरीत साऱ्यांना पेढे वाटून आले असते.

२५ नोव्हेंबर, रविवार

रविवारचे धडे चालू आहेत. तन्वीला आता वरण येतं, बटाट्याची भाजी येते. आज पोहे. चाळणीत धुवायचे सांगितलं तर बाईसाहेबांनी पातेल्यात पाणी भरून ठेवले आणि फोनवर बोलायला गेल्या. लगदा. "आजी, पोहा मेला," म्हणते, तिच्या मोडक्या मराठीत. हसून हसून पोटात दुखलं. फोडणीनं धुराचा भोंगा वाजला, सुधीर टॉवेल घेऊन त्याला वारा घालतोय.

मी सांगितलं, महिन्यातनं एकदा कोचच्या बसनं येणार. शनिवारी येईन, रविवारी जाईन. पहिल्या खेपेला आठही मुलींना थालीपीठ.

"सगळ्यांना?"

मग काय तुला एकटीला वाढू? पोरी बघत बसतील.

ती बराच वेळ कढई घासत होती. आमची तनू, आणि कढई घासते! सुधारली म्हटलं.

१९ जानेवारी २००८, शनिवार

मिळालं! घेतो म्हणून कळवलंय त्यांनी. मार्क तेवढे पाडायचेत उन्हाळ्यात, ते पाडेल ती.

मंडळाचं हळदीकुंकू होतं हॉलमध्ये, सगळ्यांना सांगून आले. नदीकाठचं कॉलेज, किचन आहे, पाहुण्यांची खोली आहे. नलूताई एवढी जुनी मैत्रीण, पण नुसतं "हो का," आणि चमचे आणायला गेली. तिचा नातू कुठंच नाही लागला, त्यामुळे असेल. तिळगूळ मात्र कडक झाला होता तिचा. मी बोलले नाही.

२ फेब्रुवारी, शनिवार

कुकर घ्यायला बाजारात जायचं म्हणून मी शाल घेतली. तीन लिटरचा, लहान, तन्वीला. वंदना कणीक मळत होती. म्हणाली, "आई, कुकर नका घेऊ."

का, तिथं देतात?

"तिथं किचनच नाही."

मला वाटलं, पाडलं की काय त्यांनी. म्हटलं, अगं मी स्वतः शेगड्या बघितल्यात.

तिनं हात धुतले. खुर्ची ओढून दिली. तेव्हा समजलं काहीतरी आहे. "आई, तिनं टेकडीवरचं लिहिलं होतं. पहिल्यापासून. ती सांगणार होती तुम्हाला."

आणि तुला ठाऊक होतं?

"हो."

सुधीरला?

तिनं माझी शाल घेऊन घडी घातली.

३ फेब्रुवारी, रविवार

झोप नाही. ती पलीकडच्या कॉटवर, ती पण जागीच. दोघी एकमेकींकडं पाठ करून.

सकाळी विचारलं, का गं?

"तू इतकी खूश होता, आजी. मला हिंमत नाही झाला."

खोटं बोलायला झाली ती हिंमत. माझं बोट धरून दाबायला लावलंस. कुंकू लावलं मी त्याला! पोहे धुवायला शिकवत होते रविवार रविवार, तेव्हा तरी सांगायचंस.

"तो रविवार मला आवडायचा. ते खोटं नव्हतं."

मग नदीकाठी काय वाईट होतं?

रडायला लागली. मला वाटलं मेणबत्त्या म्हणेल, झगे म्हणेल. म्हणाली, "तिथे तू आली असती. दर महिने. माझ्या फ्रेंड्सना तू जेवायला दिला असता, सगळे तुझे झाले असते. मला एकदा बघायचा आहे, मी एकटी कशी असते."

मी उठून बाथरूममध्ये गेले. नळ सोडून ठेवला.

४ फेब्रुवारी

दिवसभर कॉटवरच होते. सुधीर दोनदा चहा विचारून गेला.

६ फेब्रुवारी, बुधवार

नलूताईचा फोन. तिला पण माहीत होतं! वंदनानं दिवाळीतच सांगितलेलं. "अगं, तुझा आनंद बघून तोंड उघडेना," म्हणते. म्हणजे मी तिथं बायकांपुढं किचनचं कौतुक सांगत होते आणि ही चमचे शोधत होती. मी फोन ठेवला. पहिल्यांदाच, तिनं ठेवायच्या आधी.

माझ्यावर हसलं कुणी नाही. हसले असते तर बरं. सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं, लहान पोराला घेतात तसं.

९ फेब्रुवारी, शनिवार

सुधीर येऊन बसला कॉटवर. "आई, तुला दुखवायचं नव्हतं." म्हटलं, मग मला विचारलं कशाला होतंत? मला न्यायचंच नव्हतं तिकडं. घरी बसले असते. तुम्ही मला निवडायला लावलंत आणि निवडलेलं फेकून दिलंत. तो म्हणाला, "तूच गाडीत बसलीस." खरं आहे. तरी राग जाईना.

तन्वी जेवायला खाली येत नाही. टोस्ट नेते वर. पोरगी सुकली. मला काय, सुकू दे.

काल रात्री तिच्या कॉटजवळ वरणभात ठेवला. सकाळी ताट धुतलेलं होतं.

१० फेब्रुवारी, रविवार

आज धडा नाही.

संध्याकाळी आली माझ्याजवळ. म्हणते, कॉलेज बदलून मागता येतं, ऑफिसला विचारायला लागतं, सोमवारी उघडेल. "तू म्हणशील तर मी फोन करते. नदीवाला मागते. खरंच. तू सांग."

म्हटलं, माझ्यासाठी?

"हो."

आणि एकटी कशी असते ते?

"ते नंतर बघेन."

नंतर कधी, ते नाही सांगितलंन्. मी पण नाही विचारलं. आता तरी खरं बोलतेय की पुन्हा मला सांभाळतेय? तोंडाकडं बघून कळायचं मला पूर्वी. दात आले तेव्हा, ताप आला तेव्हा, शाळेत एका पोरीनं ढकललं तेव्हा. ऑक्टोबरात नाही कळलं ते नाहीच.

११ फेब्रुवारी, सोमवार

सुधीर-वंदना कामावर गेले. तन्वीला इथल्या बारावीच्या कॉलेजला उशिरा जायचंय आज. कोट घालून, फोन हातात घेऊन दारात उभी राहिली. "आजी, नऊ वाजले. करू?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. नको म्हणायला पण उघडलं असेल, मलाच माहीत नाही. बाहेर आलं ते, आधी चहा घे.

ती बसलीय समोर, कोट न काढता. फोन टेबलावर, बशीजवळ. मी हे लिहितेय, ती माझ्या पेनाकडं बघतेय. आलं जास्त पडलंय आज, तरी पितेय. अर्धा कप राहिला असेल तिचा.