रुमालाआडचे गणपती

२ मे १९९९, रविवार
पेणहून प्रविणचा फोन, त्यांचा तिथे गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. "जुहेब, आपल्या गणपतींना वेबसाईट पायजे. सगळं तूच बघ." साऱ्या रोह्यात त्याला मीच दिसलो, कारण मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो. वेबसाईट मी जन्मात बनवलेली नाही. हे त्याला सांगितलं नाही. वासरात लंगडी गाय शहाणी!

९ मे
फोटो काढायला पेणला. यंदाचे पहिले सात गणपती कारखान्यात रांगेत बसवलेले – आणि प्रत्येकाच्या तोंडावर कोरा पांढरा रुमाल! प्रविणचे वडील, काळुरामकाका, बाजूला विडी ओढत बसलेले. चाळीस वर्षं मूर्तींचे डोळे तेच आखतात, आणि गिऱ्हाईक त्या डोळ्यांसाठीच येतं. त्यांची मुलगी नम्रता बाकी सगळं रंगवते, पण आखणीला तिला हात लावू देत नाहीत.

"रुमाल काढू का, काका?"

"नाय. घरी पाटावर बसल्याबिगर देवाचं तोंड उघडायचं नाय."

मूर्ती घरी नेताना तोंड झाकतात, हे दरवर्षी मीही बघतो. पण वेबसाईटवर कसलं घर आणि कुठला पाट? काकांशी वाद कोण घालणार. सात रुमालांचे फोटो काढले आणि एसटी पकडली.

१६ मे
पान तयार. वर घंटा हलते, खाली सात रुमाल. प्रविण क्लासमध्ये आला, पान खालपर्यंत बघितलं. मग म्हणाला, "लोकांना वाटंल आपण रुमाल विकतो."

ठरलं – काका जेवायला गेले की तो रुमाल उचलून स्वतः फोटो काढणार. देवाच्या कामात चोरी!

३० मे
फोटो स्कॅन करून आणले. पडद्यावर मोठे केले. डोळ्यांच्या रेघा थरथरलेल्या. एका मूर्तीची बुबुळं दोन दिशांना. काकांचा हात गेलाय. प्रविणने घाईघाईत फोटो काढले, त्याच्या ध्यानात आलेलं नाही.

त्याला कसं सांगू? अख्खा कारखाना त्या हातावर चालतो. वाईट वाटतंय, फार.

३१ मे
माउसने रेघा सरळ केल्या. चौदा डोळे, पूर्ण दुपार. कुवेतला अब्बांना कळलं, पोरगा गणपतीची आखणी करतो, तर आधी हसतील आणि मग मजुरी विचारतील.

कोणाला काही बोललो नाही.

१३ जून
काका वेबसाईट बघायला रोह्याला आले. सोबत प्रविण, नम्रता. मी कौतुकाची वाट बघत उभा.

काकांनी एकेक मूर्ती शांतपणे पाहिली. म्हणाले, "ही आखणी माझी नाय."

खोटं बोलवेना. "मी केली, काका. कॉम्प्युटरवर."

आता ओरडतील असं वाटलं. पण ते म्हणाले, "आधीचा फोटो दाखव."

दाखवला. काका पडद्याकडे बघतच नव्हते, पोरांकडे बघत होते. प्रविणने मान खाली घातली. नम्रताने डोळ्याला पदर लावला.

"दिसला ना हात?" काका तिला म्हणाले. "उद्यापासून आखणीला तू बस गो."

चहा मागवला होता. कोणीच प्यायला नाही.

४ जुलै
पेणला. नम्रता आखणी करत होती, काका तिला रंग घोटून देत होते. वेबसाईटवर आता तिचे गणपती टाकायचे – उघड्या तोंडाचे.

ते सात रुमाल कोपऱ्यात घडी करून ठेवलेले दिसले. कोणा गिऱ्हाइकाचे राहिले का, म्हणून विचारलं.

"कारखान्यात रुमाल कधीच नसतो," नम्रता हळूच म्हणाली. "ज्याचा गणपती तो घरून आणतो. तू फोटो काढायला येणार म्हटल्यावर बाबा बाजारात जाऊन घेऊन आले."