लुई आधी आला, बाख सगळ्यात शेवटी

बर्गन, १४ मे

प्रिय हालवार,

पत्र पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. हल्ली फोनवर तू ‘हो हो, बरं बरं’ म्हणतोस आणि घाईने ठेवून देतोस. कागदावर तुला तसं करता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी एक कबुली. दोन वर्षांपूर्वी माझ्या पार बहिऱ्या झालेल्या कानाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी तुला ‘मस्त झालं’ म्हणून सांगितलं होतं. साफ खोटं. कानात तार बसवली, कानामागे बटणाएवढं यंत्र लावलं आणि ते सुरू झाल्यावर आरिलने विचारलं, ‘तोरुन, येतंय का गं ऐकू?’ मला वाटलं, पत्र्याच्या डब्यात बसून एखादं बदक बोलतंय. चाळीस वर्षांचा संसार केलेला नवरा, आणि त्याचं बदक झालेलं! ऐकायला शिकवणारी मार्ते म्हणून एक मुलगी होती, तिने कागदावर लिहून दिलं, ‘बोलणं हळूहळू कळेल. गाण्याची मात्र फार आशा धरू नका.’ हे कुणाला लिहून देते, तर एकतीस वर्षं वाचनालयात लोकांच्या हातात रेकॉर्डी ठेवणाऱ्या बाईला.

घरी आल्या आल्या मी हट्टाने बाख लावला. चेलोवर वाजवलेला. बादलीत खडी घालून कुणी हलवावी, तसा आवाज आला. मी सगळ्या रेकॉर्डी खोक्यांत भरून तळघरात नेल्या, यंत्र काढून खणात टाकलं आणि तीन आठवडे कुणाशी धड बोलले नाही. तुझ्याशी फोनवर ‘मस्त’ म्हटलं ते याच दिवसांत. तुझी वाक्यं आरिल ऐकत होता आणि मला लिहून दाखवत होता.

मग एका सकाळी तो तळघरातून एकच रेकॉर्ड घेऊन वर आला आणि खणातलं यंत्र मला पुन्हा लावायला लावलं. लुई आर्मस्ट्राँग. लहानपणी ओलेसुंडच्या घरी आपल्या खोलीत एका रेडिओवरून आपल्या मारामाऱ्या व्हायच्या. तुझा लुई लागला की मी ओरडायचे, ‘अरे, आधी याला खोकल्याचं औषध द्या!’ आणि तू म्हणायचास, ‘तुझ्या कानांना अक्कल यायला वीस वर्षं लागतील.’ वीस कसली, पन्नास लागली. हालवार, तो माणूस गायला लागला आणि जसाच्या तसा आला! त्याचा आवाज मुळातच इतका खरखरीत, की यंत्राला बिघडवायला काही उरलंच नव्हतं. मी हसले, मग रडले, मग तीच रेकॉर्ड अकरा वेळा ऐकली. आरिल म्हणाला, ‘आता पुरे, मलाच बहिरं व्हायची वेळ आली.’

तिथून मी लहान मुलासारखी सुरुवात केली. रोज एक तास, एकाच वेळी एकच माणूस. लुईच्या मागोमाग जॉनी कॅश आला. खालचा, जड आवाज आणि बरोबर गिटारचा ठोका, जणू कुणी चिखलवाटेवर पाय रोवत चाललंय. फ्रेंच गाणाऱ्या पियाफला चार महिने लागले. आधी नुसता तिचा गळ्यातला ‘र’ ऐकू यायचा, बाकी सगळी वाफ. स्वीडनच्या त्या आब्बा मंडळींनी तर रडकुंडीला आणलं. दोन बायका गातात हे मला ठाऊक होतं, पण ऐकू यायची ती एकजीव झालेली लापशी. एके दिवशी मी माशाचे वडे तळत होते, रेडिओ चालू होता, आणि अचानक त्या दोघी वेगळ्या झाल्या! एक इकडे, एक तिकडे. मी झारा हातात घेऊन नाचले. वडे करपले ते करपले. ‘स्वीडनवाल्यांसाठी एवढं?’ आरिल म्हणाला आणि करपलेले वडे निमूट खाल्ले.

बाखच्या वाटेला मात्र मी जात नव्हते. भीतीच होती. मागच्या रविवारी दुपारी आम्ही चर्चमध्ये एका मैफलीला गेलो. समोर एक मुलगी चेलो घेऊन बसली. कार्यक्रमाची पत्रिका मी मुद्दाम वाचली नव्हती. पहिले काही क्षण पुन्हा तीच खडी. उठायच्या बेतात होते. मग खडीतून एक ओळ वर आली, तिच्यामागून दुसरी, आणि दुसरीचं पाऊल कुठे पडणार हे मला आधीच कळलं. ‘आला!’ मी ओरडले. भर चर्चमध्ये. ‘आरिल, योहान बाख आला!’ पाद्री वळून बघायला लागले, पुढच्या बाकावरच्या बाईंना वाटलं मला काहीतरी झालं. झालंच होतं! पूर्वीसारखा आला का, असं विचारशील. नाही. थोडा झिजलेला, थोडा परका. पण तोच होता, आणि मी त्याला ओळखलं, कुणीही नाव न सांगता.

आता खरं सांगते. सिग्नेचा फोन आला होता. पोरीवर रागावू नकोस, बापाची काळजी करू नये तर कुणाची करावी? माझ्यासारखेच तुझेही कान गेले, तू पियानो सुरात लावायची कामं बंद केलीस, रेडिओ माळ्यावर टाकलास आणि ऑपरेशनची तारीख दोनदा नाकारलीस. डॉक्टरांना म्हणालास म्हणे, ‘खोट्या आवाजापेक्षा शांतता बरी.’ दादागिरी पुरे. ती शांतता मी आतून पाहिली आहे. तिथे कुणी राहत नाही. तुझे कान मुळात माझ्यापेक्षा शहाणे. पियानो पुन्हा लावशील असं वचन मी देत नाही, ते कुणीच देऊ शकणार नाही. पण जे मला दोन वर्षांत जमलं, ते तुला जमणार नाही असं मी ऐकूनच घेणार नाही. रुग्णालयाने तिसरी तारीख दिली आहे, तीन जून. तुझ्याकडे यायला मी दोनला बोटीने निघते आहे, तिकीट काढलेलं आहे. तू फक्त उलट टपाली एकच अक्षर पाठव : हो.

तुझीच बहीण,
तोरुन