घर देणे आहे

नांदुरा, ५ सप्टेंबर २०२४

चि. सौ. गीतास अ. उ. आ.

फोनवर तू रडतेस अन् मी ओरडतो, म्हणून कागदावर सांगतो. घर विकाचं ठरलं. तुझी वहिनी गेल्यापासून पोरगा शेखर मले पुण्याले बोलावून राह्यला, अन् एकट्याले आता खरंच करमत नाही.

दलाल निवडताना तुझ्या भावानं मोठी अक्कल चालवली. पहिला आला गजेंद्र. त्यानं माझ्या घराले 'प्रॉपर्टी' म्हटलं, त्याले चहासुद्धा विचारला नाही. दुसऱ्यानं जिना चुकीच्या दिशेले आहे म्हणून तोंड वाकडं केलं. तो जिना मी स्वतः उभा राहून बांधून घेतला! त्याले उभ्या उभ्या वाटेला लावला. तिसरा गोपाल. ओट्यावर बसला, दोन कप चहा प्याला अन् कडुनिंब कोणी लावला ते विचारलं. झालं, काम त्याले.

पाटीवर 'विकणे' लिहू नको म्हटलं, गल्लीतले म्हणतील म्हातारं बुडालं. 'घर देणे आहे' लिहायला लावलं. सभ्य दिसते.

जावईबुवांले नमस्कार. माया ठेव, टोमणे आवर.

तुझा दादा

डोणगाव, १२ सप्टेंबर

ती. दादास शि. सा. न.

पत्र वाचून हे इतके हसले की चष्मा पडला. अरे, चहा पिणारा दलाल तर हरेक गल्लीत भेटते! तुले घर विकणारा पायजे होता की कौतुक करणारा? वांगीसुद्धा तू देठ पाहून आणतो अन् आत किडकी निघतात.

वीक बाप्पा, माझी आडकाठी नाही. एवढंच, की आईच्या मागं माझं माहेर म्हणजे तुझं हे घर अन् त्यातली मागची खोली. भाऊबीजेले मी कुठं येऊ? पुण्याच्या लिफ्टमधी मले चक्कर येते. लिहायचं नव्हतं, लिहून गेलं.

राग आला तरी लोभ कमी करू नको.

तुझी गीता

नांदुरा, २० सप्टेंबर

चि. सौ. गीतास अ. उ. आ.

हास आता पोटभर. पाटी पाहून आले ते सारे किरायानं राहणारे! 'देणे आहे' म्हणजे किरायानं देणे, हे अख्ख्या नांदुऱ्याले ठाऊक, फक्त मलेच नाही. गोपालवर भडकलो. तो म्हणाला की काका, विकाचं की द्याचं हे मी दोनदा विचारलं, तुम्ही दोन्ही वेळा द्याचं म्हणाले. तिसऱ्यांदा विचाराले त्याले जागा मिळाली नाही, मी जिन्याची गोष्ट सांगत होतो.

काल अर्पिता नावाची नर्स नवऱ्याले घेऊन आली. समोरची खोली, सैपाकघर दाखवलं. मागच्या दाराशी आलो अन् तोंडातून निघालं की ही द्याची नाही, ही माझ्या बहिणीची आहे. पोरगी म्हणाली, मग राहू द्या. अन् मी तिथंच चौकट धरून रडलो, दलालासमोर! घर विकणं माझ्यानं होत नाही, बाई.

तर तिलेच किरायानं दिलं. दसऱ्यानंतर पुण्याले जातो. मागच्या खोलीची चाबी गोपालसंग पाठवली आहे. आशीर्वाद आहेच, माझी चेष्टाही चालू ठेव.

तुझा दादा

डोणगाव, २९ सप्टेंबर

ती. दादास शि. सा. न.

चाबी भेटली. गोपाल इथंही दोन कप चहा प्याला अन् आमच्या घराचं कौतुक करू लागला. ह्यांनी घाबरून त्याले बसस्टँडपर्यंत पोचवला. दलाल तू चांगला निवडला दादा, पण अकलेनं नाही, चुकून.

मीही रडली. चाबी पदराले बांधली आहे. भाऊबीजेले तू पुण्याहून नांदुऱ्याले ये, पण पाहुण्यासारखा, रिकाम्या हातानं नाही. या खेपेले दार मी उघडीन.

तुझी गीता