पंधरा फूट कमी

राजापेठ, अमरावती
३० मार्च २०२५

प्रिय संध्याताई,
सप्रेम जयभीम.

पाकीट पाहून तू आधी घाबरशील, म्हणून सांगतो की इकडे सगळे धड आहेत. आरतीचा खोकला गेला. पिंकीची दहावी संपली आणि तुझी भाची आता दुपारपर्यंत झोपते. तू पाठवलेल्या सरगुंड्या तिने एकटीने फस्त केल्या आणि नाव माझं सांगितलं. उन्हाचं काय सांगू, साइटवर सळईला हात लावता येत नाही.

फोन सोडून हा कागद कशाला, असं विचारशील. फोनवर मी विहाराचं नाव काढलं की नेमकी तुझी गॅसवरची भाजी करपते. चार शनिवार अकोटला आलो, तुझ्या हातचं जेवलो आणि ज्यासाठी आलो ते न बोलता एसटीत बसलो. माझं धाडस तुला माहीतच आहे.

विहाराचा रॅम्प फोडला, ताई. आवाज तुझ्या घरापर्यंत आला असेल.

दोन वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेला उद्घाटन होतं. पांढरी साडी नेसून, चाकांची खुर्ची स्वतः ढकलत तू आलीस. वस्तीच्या दोन पिढ्यांना वंदना तूच शिकवलीस, त्या दिवशीही तूच म्हणणार होतीस. रॅम्पच्या मध्यावर खुर्ची मागे सरकायला लागली. चार पोरं धावली, तुला खुर्चीसकट उचलून आत घेऊन आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी व्यासपीठावरून तुझा चेहरा पाहिला आणि जागचा हललो नाही. तू वंदना म्हटलीस, जेवायला थांबली नाहीस, आणि त्यानंतर विहारात आली नाहीस. आता घरी बसून भोंग्यावरची वंदना ऐकतेस.

ठेकेदार सूर्यभानने नकाशा सोडून काम केलं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. त्याने तो दोष अंगावर घेतला. ते खोटं होतं.

मी काढलेल्या नकाशात रॅम्प तीस फुटांचा होता. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचतं म्हणून जोतं अडीच फूट उचललेलं, आणि एक फूट चढायला बारा फूट लांबी द्यायची, हे तर मी कॉलेजात शिकलो. पण कमिटीला अंगणात पंगतीसाठी जागा हवी होती. सूर्यभानने साइटवरून फोन केला, पंधरा फुटांतच बसतो म्हणाला, काय करू. मी जेवत होतो. घास तोंडात ठेवूनच बोललो, "बसव. त्या वाटेनं ताईशिवाय येते कोण? आन तिले उचलाले पोरं हायेतच."

हे एवढं लिहायला मला दोन वर्षं लागली.

असं बोलणारा मी, याची जास्त लाज वाटते. लहानपणी दवाखान्यात, एसटीत, लग्नात, जो तो तुला न विचारता उचलायचा आणि घरी आल्यावर तू दिवसभर कोणाशी बोलायची नाहीस. माझ्याशी मात्र बोलायचीस.

फोडण्याआधी मी एक केलं. राजापेठेतल्या मेडिकलवाल्याकडून चाकांची खुर्ची भाड्याने आणली आणि त्याच रॅम्पवर स्वतः बसून चढायला गेलो. सहा फुटांवर दंड भरून आले. खुर्ची मागे निघाली, तसा सूर्यभान धावला. "साहेब, धरू का?" माझे दोन्ही पाय शाबूत, तरी त्याने धरलं तेव्हा मला कोणाकडे पाहवेना. खाली आल्यावर त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "माही नका मागू. तिची मागा."

म्हणून मागतो. माझं चुकलं, ताई.

नवा रॅम्प भिंतीच्या कडेने जातो. पंधरा फूट चढ, मग दम खायला पाच फूट सपाट, वळण, पुन्हा पंधरा. खालची काळी माती उपसून मुरूम भरला, नाहीतर ती पावसाळ्यात फुगून सगळं उचलून टाकते. कठडा दोन उंचीचा, खालचा तुझ्या हाताला येईल असा. ओल्या सिमेंटवर खराट्याने आडव्या रेघा मी स्वतः ओढल्या, चाक घसरू नये म्हणून. दाराचा उंबरठा काढला. पंगत आता शाळेच्या मैदानावर बसेल. कमिटीत दोघे कुरकुरले, त्यांनाही खुर्चीत बसवलं.

माझी गणितं तू लाल पेन्सिलने तपासायचीस. हेही तपास. चौदा एप्रिलला सकाळी सहाला, लोक जमायच्या आधी, तू एकटी ये. चुकलं असेल तिथे खूण कर, पुन्हा फोडीन. वंदना म्हणायची की नाही ते तू ठरव. राग असेल तर तोही घेऊन ये, वाट रुंद आहे.

मी सायकल शिकताना पडलो की ओट्यावरून तू म्हणायचीस, "ऊठ. मी पाहून राहिले ना." खाली उतरून येणं तुला जमत नव्हतं, तरी मला कधी एकटं वाटलं नाही. त्या दिवशी मी वर दारात उभा असेन. हात पुढे करणार नाही, कोणाला करू देणार नाही.

तू चढेपर्यंत पाहत राहणारा,
तुझा धाकटा,
नागसेन