सासऱ्यांच्या गाडीचा बदललेला कोन

मी, खाली सही करणारी, पंपांच्या कारखान्यातील ड्रॉइंग विभागातून निवृत्त झालेली बाई, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. शरीर साथ देत नाही, डोके देते. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे.

कलम एक. राहते घर आणि बँकेतील सर्व ठेवी माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळाव्यात. यात वाद नाही, म्हणून लांबवत नाही.

कलम दोन. माझे दिवंगत पती वेल्डर होते. त्यांची सर्व हत्यारे आणि फ्रेम धरायचा लोखंडी साचा त्यांच्या भागीदाराला द्यावा. साचा भंगारात घालण्यापूर्वी त्याने माझ्या मुलीला विचारावे. आठवणीपायी काही जपून ठेवणारा तो माणूस नव्हे.

कलम तीन. मागच्या शेडमधली जुनी मोटरसायकल. वाद आहे तो हिच्यावरून. दगडगोट्यांवरून, पाय न टेकता, अगदी हळू चालवायच्या स्पर्धांसाठी बनलेली ही गाडी माझ्या सासऱ्यांची. त्यांच्यानंतर मी ती स्पर्धांत चालवली, आणि एकदा पडले त्यात माझा उजवा खांदा कायमचा गेला. हँडल वळवायला जोर पुरेना. पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारे दोन दांडे, जास्त उभा केला तर चाक कमी जोरात आणि कमी जागेत वळेल, हे मी कागदावर काढले. पतींनी त्या ड्रॉइंगबरहुकूम हँडल ज्यात फिरते ती नळी फ्रेमपासून कापली आणि नव्या कोनात जोडली. पुढच्या मोसमात मी पुन्हा दगडांवर होते.

कापलेली फ्रेम पाहून दीर भावाला म्हणाले, "बाबांची गाडी कापलीस?"

"भावोजी, कोन मी काढलाय. मला विचारा," मी म्हणाले.

"वहिनींच्या आड लपू नकोस," ते भावाकडेच बघत म्हणाले.

त्यानंतर ते भावाशी कधी बोलले नाहीत. पती गेले तेव्हा फाटकापर्यंत आले आणि परत फिरले. मी हे विसरलेले नाही, आणि विसरेन असे इथे लिहूनही देत नाही.

गेल्या वर्षी मुलीने हीच गाडी मोठ्या रस्त्यावर पळवली. इतका उभा फोर्क वेगात स्थिर राहत नाही, हे तिला मी बजावले होते, तिच्या वडिलांनीही. हँडल थरथरले, गाडी आडवी झाली. आता मुलगी काठी घेऊन चालते. तरी म्हणते, "कोनाला हात लावायचा नाही. बाबांचं काम आहे ते." दिरांनी दवाखान्यात तिला ऐकवले, की फ्रेम वेळीच पूर्ववत केली असती तर ही वेळ आली नसती. तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. मला दोघांचेही पटते, आणि त्यानेच जीव पोखरतो.

या महिन्यात दीर आले आणि शेडची किल्ली मागून घेतली. बराच वेळ परतले नाहीत म्हणून मी भिंत धरत मागे गेले. ते जमिनीवर बसून फ्रेमवरून बोटे फिरवत होते.

"जोड कुठाय, वहिनी?"

मी दाखवला. त्यांनी नखाने चाचपला. "दादाचा हात चांगला होता."

"गाडी तुम्हाला दिली तर परत कापाल?"

त्यांनी जोडावरचे बोट उचलले. मग म्हणाले, "पूर्वी नक्की कापली असती. आता माहीत नाही."

सबब सदर मोटरसायकल, आहे त्या स्थितीत, मी दिरांना देत आहे. कोन बदलावा की नाही, हे त्यांनी ठरवावे. अट एवढीच, की आधी मुलीला समोर बसवून तिचे पूर्ण ऐकून घ्यावे. आणि तो कोन कुणी काढला होता, हे तिच्यासमोर एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणावे.

बाळ, तुला हा अन्याय वाटेल. पण तू गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर नेशील, हे मला दिसते. कोनाबद्दल तुला खात्री आहे. त्यांना राहिलेली नाही. ज्याला खात्री नाही, अशाच माणसाकडे मला गाडी ठेवायची आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचून साक्षीदारांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर. दीर आणि मुलगी लाभार्थी असल्याने सह्या होईपर्यंत त्यांना बाहेर बसवले आहे. बाक एकच आहे, त्यावर दोघे बसली आहेत. बोलण्याचा आवाज अजून तरी येत नाही.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: १. उपचार करणारे डॉक्टर २. शेजारच्या ग्रंथपाल बाई
स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ ऑक्टोबर