साबणात चाललेलं औषध

मी, चांगुणा गुलाब बनसोडे, वय ६७, निवृत्त संशोधक, राहणार परंडा, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. रक्तदाब सोडला तर डोकं ताळ्यावर आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही.

१. परंड्यातील दोन खोल्यांचं घर माझी भाची दीपाली हिला द्यावं. तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ बुद्धघोष, कुरकुरेल. कुरकुरू दे.

२. अंत्यविधीला त्रिशरण-पंचशील म्हणावं, तेवढं पुरे. आमचे पुण्यातले प्रयोगशाळाप्रमुख डॉ. मल्हार काळदाते यांना शोकसभेत बोलू देऊ नये. उठलेच तर माईक काढून घ्यावा. त्यांनी दिलेलं सन्मानचिन्ह त्यांना परत पाठवावं. मला ते बघवत नाही.

३. लाल पुठ्ठ्याची वही माझ्या मृत्यूनंतर दीपालीला द्यावी. कारण लिहिते. हिवतापाच्या जंतूच्या पेशीला स्निग्ध पडदा असतो. त्यात रुतून बसलेलं एक एन्झाइम इतर प्रथिनं कापतं, तेव्हा जंतू आपल्या रक्तपेशीत शिरतो. ते रोखणारं रसायन आम्ही बनवलं. तपासायला एन्झाइम पडद्यातून सोडवून साबणाच्या द्रावणात ठेवतात. तिथं आमच्या रसायनानं ते साफ बंद पाडलं. आम्ही पेढे वाटले. मग मी ते पडद्यातल्या एन्झाइमवर अकरा वेळा तपासलं, अकराही वेळा एन्झाइम कापतच राहिलं. त्या नोंदी या वहीत आहेत. काळदाते म्हणाले, "पडदा लहरी असतो हो, साबणातलं छापू." छापलं. लेखावर माझंही नाव आहे. त्या नावाची मला शिसारी येते; काळदात्यांची येते, त्याहून जास्त स्वतःची.

आज तेच रसायन घेऊन दीपाली तिसरं वर्ष पीएचडीला झिजते आहे. परवा फोनवर रडली: "आत्या, माझ्या हातालाच यश न्हाय. सोडून देते सगळं." मी "धीर धर" म्हणाले. एवढंच म्हणाले.

साक्षीदार शिवप्पा यांनी इथपर्यंत वाचून कागद खाली ठेवला. "बाई, तुमी मरंस्तवर पोरीनं रडत बसायचं व्हय?"

मी कागद परत ओढून घेतला.

सबब कलम ३ रद्द करते. वही मी स्वतः दीपालीच्या हातात देईन आणि लेखातलं माझं नाव मागे घेण्याचं पत्र तिच्यासमोर लिहीन. दुपारच्या कुर्डुवाडी गाडीनं तिच्याकडे निघत आहे. बाकी कलमं कायम.

सही: चांगुणा गुलाब बनसोडे
साक्षीदार: १. शिवप्पा कोरे २. दैवशाला गपाट
परंडा, १२ फेब्रुवारी २०२५